जिवंत सवतीचा टाक

शहागड,
ता. १४ जून १९९९

गिरिजाबाई यांस,

हे पत्र मी खुशीने लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. अठरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही मला लिहिली नाही, आणि त्यात दोघींचंही बरं चाललं होतं. तुम्ही अंकुशनगरला भावाच्या क्वार्टरमध्ये, मी इथे हॉटेलावर. मध्ये एस.टी.चा अर्धा तासही नाही, पण तो कोणी कधी ओलांडला नाही.

काम एवढंच आहे. तुम्ही आमटीला लावायचा येसर करायचात, त्यात काय काय घालायचात ते लिहून कळवा. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खडा मसाला, सगळं मी बराबर भाजते. तरी मालक आमटीचं ताट सरकवतात आणि म्हणतात, "गिरिजाच्या हातचा येसर आण. ह्यो तसला न्हाई." महिना झाला, रोज तेच. माझ्या भज्यांसाठी सोलापूरकडच्या ट्रका पूल ओलांडून इथे थांबतात. मी नववीपर्यंत शिकलेली, तुम्ही चौथी. आणि आमटी कशी करायची हे मी तुम्हाला विचारायचं! नशीब म्हणतात ते हेच.

मालकांची तब्येत चांगली आहे. थोडा विसरभोळेपणा आला आहे, तो या वयात कोणाला येत नाही? मध्ये एकदा गिऱ्हाइकांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर गिऱ्हाईकच हसलं. गेल्या आठवड्यात हवा खायला पुलावर गेले होते, तिथून एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्यांना गाडीत घालून परत आणून सोडलं. पुलावरून हॉटेल दिसतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण ऊन फार होतं. त्या उन्हात कोणीही चुकलं असतं. तिखटमीठ लावून कोणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मला मूलबाळ झालं नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. ज्या कारणासाठी मला आणलं ते कारण काही माझ्याही पदरात पडलं नाही. हे कळलं त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले असतील. वाटले असतील तर बरोबरच केलं, मीही वाटले असते.

येसराचं तेवढं जल्दी कळवा. कार्ड चालेल. जास्त लिहायची गरज नाही.

सौ. प्रभावती धर्मराज


शहागड,
ता. ३ ऑगस्ट १९९९

गिरिजाबाई यांस,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी लिहायला तुम्हाला दीड महिना लागला. "येसर सासूबाई करीत. मला डब्याला हात लावू देत नव्हत्या."

मी ते भट्टीपाशी उभी राहून वाचलं आणि खरं सांगते, मला हसू फुटलं. येसर सासूबाई झुंबरबाईंचा, आणि नाव तुमचं! मी या घरात आल्यावर सासूबाई चार वर्षं होत्या. डब्याला त्यांनी मलाही हात लावू दिला नाही. त्या गेल्यावर उघडला तर आत नुसत्या जाळ्या आणि किडे. म्हणजे ज्या येसरापायी मी इतके दिवस जळते आहे तो तुम्हाला येतच नव्हता. मालकांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग गिरिजालाच इचार."

भट्टीवरचा आमचा भिवा अंबडच्या बाजारात तुमच्या कडूबाभाऊंना भेटला आणि सगळं बोलून आला, असं कळलं. तेव्हा आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मालकांना औरंगाबादला नेलं होतं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हा चळ नाही, करणीही नाही, आजार आहे. डिमेन्शिया म्हणतात. मेंदू हळूहळू वाळत जातो आणि आठवणी गळतात. औषध काय, तर जपा. माझी आई अंतरवालीहून आली, तिने लिंबू उतरवून टाकलं, माझ्याकडून सोमवार धरवले. सोमवार चालू आहेत.

आता खरी गोष्ट. इथे राजकुमारी मॅडम येऊन गेल्या. जालन्याच्या मारवाडी घरातल्या, गिरधारीलाल सेठची मुलगी, स्वतः डॉक्टर. या आजारावर संशोधन करताहेत. मी म्हटलं, सुया टोचणार असाल तर बिलकुल नको. त्या म्हणाल्या, सुई नाही, काही नाही. आजवर आम्ही पुस्तकातले प्रश्न घेऊन लोकांच्या दारात जायचो. आता काय शोधायचं, काय विचारायचं, हेच ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी आम्हाला सांगायचं. महिन्यातून एकदा अंबडला बैठक. सांभाळणाऱ्यांनी यायचं आणि ज्याला आजार आहे त्यानेही यायचं.

मी म्हटलं, "त्यांना नेऊन काय करू? त्यांना काय कळतं?" मालक तिथेच बाकावर बसले होते. मॅडम माझ्याशी बोलणं सोडून त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही याल का बैठकीला?" मालक ताठ बसून म्हणाले, "येतो की. गाडी कवाची हाय?"

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. इतक्या वर्षांत मला कोणी कधी 'येता का' म्हणून विचारलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. पण एक सांगते. सांभाळणारी कोण, या जागी मॅडमनी नाव लिहून घेतलं. प्रभावती धर्मराज. मी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं.

सौ. प्रभावती धर्मराज


शहागड,
ता. २० सप्टेंबर १९९९

गिरिजाबाई यांस,

हे तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग सांगू कोणाला? इथे सांगितलं तर लोक हसतील. आईला सांगितलं तर आणखी एक वार धरायला लावील. या घरात राहून हा माणूस ज्यांना ठाऊक आहे अशा जगात आता दोघीच उरलो, तुम्ही आणि मी. म्हणून नाइलाजाने लिहिते.

बैठक धर्मशाळेत होती. सतरंज्या टाकल्या होत्या. मी मालकांना नवं धोतर नेसवलं, टोपी इस्त्री केली, आणि मीही मोतिया रंगाची साडी नेसले. का नेसले कोणास ठाऊक. चार-पाच घरची माणसं होती. भुजंगराव म्हणून एक म्हातारे, त्यांच्यासोबत त्यांची सून उषाबाई. कापडवाले दीपचंद सेठ आणि त्यांची बायको सुगनबाई. सुगनबाई सांगत होत्या की सेठ आता जेवत नाहीत, ऐकत नाहीत, तर सेठ एकदम मोठ्याने म्हणाले, "माझ्यासमोर माझीच गोष्ट करतात सगळे, जसा मी हितं बसलोच न्हाई!" मॅडम म्हणाल्या, सेठजी, हे मी आधी लिहून घेते. मालक मान हलवत म्हणाले, "बराबर बोलला मानूस."

मला बरं वाटलं होतं तोवर.

मग मॅडम एकेकाजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, तुमच्याबद्दल काही विचारायचं झालं तर कोणाला विचारावं, तुमच्याजवळ कोणी बसलेलं तुम्हाला आवडेल, हे तुम्हीच सांगायचं. आम्ही ठरवणार नाही. भुजंगरावांनी सुनेचा पदर धरला. सेठनी सुगनबाईंकडे बोट केलं. मालकांची पाळी आली. मी त्यांच्या डाव्या हाताला, पाण्याची बाटली घेऊन.

"काका, कोणाला विचारू?"

"गिरिजाला इचारा. तिला समदं म्हाईत हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्या मालकांना म्हणाल्या, "आणि ह्या कोण?"

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. अगदी प्रेमाने पाहिलं हो. "ह्या हॉटेलातल्या बाई. भजी करत्यात."

गिरिजाबाई, मी या माणसाला अंघोळ घालते. त्यांची नखं काढते. त्यांनी अंगावर सांडलेलं धुते. लघवीला उठले की मागे उभी राहते. आणि मी हॉटेलातली बाई! तुम्ही काय केलंत? मागच्या दाराने निघून गेलात, एवढंच केलंत. निघून जाणारीला मान आणि राहणारीला भजी. येताना गाडीत मी त्यांना खिडकीची जागा दिली नाही. त्यांना खिडकी लागते. त्यांनी मागितली, तरी दिली नाही. गेवराईकडची एक बाई तिथे बसली आणि मालक पोरासारखे तिच्या डोक्यावरून बाहेर बघत राहिले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शेवटी मॅडमनी सांभाळणाऱ्यांना विचारलं होतं, तुम्हाला आमच्याकडून काय शोधून हवंय? उषाबाई म्हणाली, त्यांना झोप का लागत न्हाई ते शोधा. सुगनबाईंना विचारायचं होतं, हा आजार मुलांना येतो का. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, "मागून आलेली आधी का पुसली जाते, ते शोधा."

कोणी हसलं नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बहुतेकांत तसंच होतं प्रभावतीबाई, नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. का, ते पुरतं अजून आम्हालाही सांगता येत नाही. म्हणजे बघा, आजारसुद्धा थोरलीच्या बाजूने.

त्यांनी विचारलं, गिरिजाबाईंना एकदा बोलावता येईल का? काकांनी नाव घेतलं आहे, त्यांचा शब्द मला ठेवायला हवा. मी सांगितलं, त्या येऊ शकत नाहीत.

नाहीच ना येऊ शकत? मग झालं तर.

सौ. प्रभावती


शहागड,
ता. १७ नोव्हेंबर १९९९

गिरिजाबाई,

दिवाळी झाली. आमच्या घरी पणती लागली नाही. का ते लिहिते. वाचून पत्र फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी पुरतं वाचा.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. मॅडमनी तुम्हाला बोलवायचं म्हटल्यावर मी सांगितलं होतं की तुम्ही मेलात.

तोंडातून शब्द गेला. मागे घेता आला असता, घेतला नाही. मला त्या घडीला फार थंड वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यासारखं. मॅडम बिचाऱ्या 'अरेरे' म्हणाल्या. पण उषाबाईने माझ्या गळ्याकडे पाहिलं. पुढच्या बैठकीत मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "अवो, पहिली मेलेली अन् तुमच्या गळ्यात तिचा टाक न्हाई? मागून आलेलीनं मेलेल्या सवतीची मूर्त घालावी लागती. तिला आधी निवद दावल्याबिगर आपुन खायचं न्हाई. तरीच म्हणलं तुमच्या मालकांचं डोकं का फिरलं! तिचाच कोप हाय ह्यो."

मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण मॅडमसमोर, सुगनबाईंसमोर खोटी ठरायची? त्यापेक्षा मी अंबडच्या सोनाराकडे गेले आणि टाक करून घेतला. नखाएवढा, चांदीचा, बाईची उभी मूर्त. जिवंत सवतीचा टाक घालणारी या मुलखात मीच पहिली असेन. आणि आता पुरतं सांगायचंच तर, घालताना मला बरं वाटलं. म्हटलं, बसा आता माझ्या गळ्यात दोऱ्याला लटकून. मी नेईन तिकडे यायचं.

पण मालकांना तो दिसला.

मी त्यांना भरवत होते, तर त्यांनी तो दोन बोटांत धरला. त्यांची आई होती ना, तिच्याही गळ्यात होता, तिच्या थोरल्या सवतीचा. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. माझं नाव विसरलेला माणूस, पण टाक कशाला घालतात ते विसरला नव्हता. म्हणाले, "कवा गेली गिरिजा?" आणि घास तसाच तोंडात ठेवून रडायला लागले.

मी टाक लपवला. त्यांना म्हटलं, कोणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी टाक विसरले, पण दुःख विसरले नाहीत. कोण गेलं ते कधी आठवतं, कधी नाही. पण कोणीतरी गेलं आहे आणि घरात सुतक आहे, हे पक्कं बसलं. "चूल पेटवू नका. सुतक हाय." मी पेटवली की येऊन पाणी ओततात. परवा हॉटेलाच्या भट्टीवर बादली ओतली. भिवाचा हात भाजला. ड्रायव्हर उठून समोरच्या टपरीवर गेले. घरचं शिजलेलं ते शिवत नाहीत. म्हणून मी शेजारच्या पुष्पाबाईंच्या घरी जाऊन स्वयंपाक करते आणि पुष्पाबाई पदराआड ताट घेऊन येतात, दुखवट्याच्या घरी आणावं तसं. तिच्या हातचं दोन घास खातात. भाकरी माझी. पण हात तिचा. आता मला पुष्पाबाईचाही हेवा वाटायला लागला आहे, म्हणजे बघा माझी काय गत झाली.

ते वाळून काठी झालेत. आणि रोज माझ्यासमोर तुमच्यासाठी रडतात. सवतीसाठी नवरा रडतो आणि त्याचे डोळे पुसायचे मी.

या महिन्याच्या बैठकीत मी मॅडमना सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. उषाबाईने कपाळावर हात मारला. मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी बाकीच्यांना विचारलं, तुम्ही घरी खोटं बोलता का? आणि काय सांगू, एकेक करून सगळ्यांनी मान हलवली. सुगनबाई सेठना रोज सांगतात की दुकान चालू आहे. दुकान विकून तीन वर्षं झाली. मॅडम म्हणाल्या, खरं कधी सांगावं आणि कधी नाही, हे आपण सगळे मिळून शोधू. पण त्या शोधाला दिवस लागतील. मालकांकडे तेवढे दिवस नाहीत.

तुम्ही या. तुम्हाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे सुतक फिटणार नाही. मी हात जोडते, असं मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं. जिवंत या.

प्रभावती


शहागड,
ता. ६ डिसेंबर १९९९

गिरिजाबाई,

पत्र पोहोचलं, हे मला माहीत आहे. कडूबाभाऊ मंगळवारी हॉटेलात येऊन गेले. चहा सांगितला. भट्टी बंद होती म्हणून मी पुष्पाबाईंकडून आणून दिला. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी त्यांना रामराम केला आणि म्हणाले, "बसा पाव्हणं. आमच्याकडं दुखवटा हाय." कडूबाभाऊंनी चहा अर्धा ठेवला. जाताना मला एवढंच म्हणाले, "माझ्या बहिणीला जिती मारली तुमी."

खरं आहे.

तुम्हाला येऊ नये वाटत असेल तर येऊ नका. तुमच्या जागी मी असते तर आलेच नसते. उलट खिडकीत बसून खबर कधी येते याची वाट पाहिली असती. आता ते पुष्पाबाईंच्या हातचंही नको म्हणतात. काल नुसतं पाणी घेतलं.

प्रभावती


शहागड,
ता. २१ डिसेंबर १९९९

अक्का,

तुम्ही इथे होतात, तरी तुम्हाला सांगायचं आहे. कारण तुम्ही ओसरीत होतात आणि मी आतल्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते, हे तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मी आधी तुमचे केस पाहिले. पांढरे झालेले पाहून मला आनंद झाला. मग तुमची चाल पाहिली. ताठ. आनंद गेला. मनात म्हटलं, आता हे उठतील, गिरिजा म्हणतील, हात धरतील, आणि मी भजी तळायला जाईन. मीच बोलावलं होतं तुम्हाला, आणि मीच देवाला म्हणत होते, त्यांनी ओळखू नये. देवाने ऐकलं की काय, या विचाराने आता झोप येत नाही.

"या बाई, बसा. कुठून आल्या?"

"अंकुशनगरहून."

"मंग कळलं वाटतं तुमाला. आमची गिरिजा गेली."

मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, 'ही काय मी, समोरच बसले आहे.' त्यासाठीच बोलावलं होतं ना! मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. आणि तुम्ही हळूच म्हणालात, "कवा?"

"आजच की. का काल." मग ते जे बोलले ते मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. "रुसून गेल्ती. घरात दुसरी आणली म्हणून. मी आणाया जाणार व्हतो तिला. आई म्हणली, तिची ती येईल. मी बी ऐकलं. रोज हितून गाडी जाती तिकडं. रोज बघत व्हतो गाडी. बसलो न्हाई कधी. बाई, मानसानं बायकूला आणाया जावावं का न्हाई?"

"जावावं," तुम्ही म्हणालात.

"मी गेलो न्हाई."

"तिनं लई दिस वाट बघितली."

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहिते, मग मला वाईट म्हणा. मला वाटलं, मी मेले तर हा माणूस कोणा पाहुणीजवळ माझ्याबद्दल असं बोलेल का? नाही बोलणार. माझं त्यांच्याजवळ काही बाकीच नाही. मी त्यांच्या समोरच होते. समोर असणाऱ्याला आणायला जावं लागत नाही.

मग तुम्ही डोळे पुसलेत आणि आवाज चढवून म्हणालात, "आता रडू नका. आज तिचं तेरावं हाय. मी त्याच्यासाठीच आले. तेराव्याला चूल पेटवत्यात, जेवत्यात. सुतक फिटलं."

"फिटलं?"

"फिटलं. मी सांगते ना."

तुम्ही आत आलात आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "येसर टाक. लापशी कर." अक्का, स्वतःच्या तेराव्याचा स्वयंपाक सांगणारी बाई मी पाहिली नव्हती. मी चूल पेटवली. ते आले, जाळाकडे पाहिलं, आणि पाणी ओतलं नाही.

मी वाढायला आले तेव्हा तुम्ही त्यांना मुद्दाम विचारलंत, "ह्या कोण?" माझ्या हातातली पळी थांबली. तुम्ही हे का विचारलंत ते मला अजून कळलेलं नाही. मला खाली पाडायला, की मला काही मिळावं म्हणून?

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या व्हय? ह्या आपल्या बाई. रागावत्यात, पण जेवू घालत्यात."

सप्टेंबरात मी हॉटेलातली बाई होते. आता आपली बाई झाले. नाव नाही, नातं नाही, पण आपली. तुमच्या डोळ्यांत हसू आलं ते मी पाहिलं आणि आत पळाले. चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

आमटी भुरकून ते म्हणाले, "ह्यो गिरिजाचा येसर." माझ्या हातचा येसर, सासूबाईंची चव, आणि नाव तुमचं, आणि तुम्ही समोर बसून तो मुकाट्याने खाता आहात. वाटीभर आमटी, दीड भाकरी आणि लापशी खाल्ली त्यांनी. भिवाने बाहेर भट्टी पेटवली.

हॉटेलासमोरच्या स्टँडवर तुम्ही टाक पाहायला मागितलात. मी मोहरीच्या डब्यातून काढून आणला होता. तुम्ही तो उलटापालटा केलात आणि म्हणालात, "नाक माझ्यासारखं न्हाई." मग माझ्या हातावर ठेवलात. "घाल पुन्हा. हिचं तेरावं झालं आता." गाडी आली आणि तुम्ही चढलात.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुमची गाडी वळेपर्यंत मालक ओसरीत रस्त्याकडे पाहत उभे होते. मला वाटलं, आता ओळखलं. त्यांनी हाक मारली, "गिरिजा!" पण गाडीकडे पाहून नाही. घरात वळून, आतल्या खोलीकडे. नव्या नवरीला चहा घेऊन बाहेर बोलवावं तशी. रडत नव्हते. सुतक खरंच फिटलं. आता रोज तशीच हाक मारतात, खुशीत, आणि मी 'आले' म्हटलं तर म्हणतात, "तुमी न्हाई, बाई. गिरिजाला पाठवा."

मॅडमना सगळं कळवलं. पुढची बैठक जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. त्यांनी तुम्हाला बोलावलं आहे. म्हणतात, काकांना आधीपासून ओळखणारी एक आणि आता ओळखणारी एक, दोघी हव्यात. तेराव्याची गोष्ट बैठकीत तुमच्याच तोंडून ऐकायची आहे, उषाबाईला तर फारच. मालकांना पुन्हा विचारतील, जवळ कोण बसावं म्हणून. त्यांनी तुमचं नाव घेतलं तर तुम्ही बसा. पण दुसऱ्या बाजूला मी बसणार, हे आजच सांगून ठेवते. आणि गाडीत खिडकी त्यांची.

टाक मी पुन्हा घातला आहे. रोज निवद दाखवते. परवा अंबडला जाऊन सोनाराला तसाच आणखी एक करायला सांगितला, तुमच्यासाठी. रागावू नका. ते जिला हाक मारतात तिचे केस पांढरे नाहीत. ती अजून रुसलेली नाही, माहेरी गेलेली नाही. ती तुम्ही नाही, आणि मी तर नाहीच. सवत ती आपल्या दोघींची आहे, अक्का. मी एकटीनेच का गळ्यात वागवायची?

तुमची धाकटी,
प्रभावती